पिवळा डबा आणि उंदरांचे पिंजरे

दोस्तांनो, हा लेख वाचायला बसण्याआधी एक काम करा. स्वयंपाकघरात जा आणि घरातला सगळ्यात जुना प्लॅस्टिकचा डबा शोधून आणा. नवा, चकचकीत नको. वर्षानुवर्षं आईने ज्यात उरलेली बटाट्याची भाजी किंवा आमटी भरून ठेवली, तो हवा. मिळाला? आता तो आतून बघा. पिवळा पडलाय ना? घासून घासून हात दुखले तरी तो पिवळेपणा जात नाही. झाकण उघडून नाक जवळ न्या. कालच धुतलेला असला तरी फोडणीचा वास येतोच!

आमच्या घरी लोणच्याची चिनी मातीची बरणी फुटली, तेव्हा तिच्या जागी प्लॅस्टिकची बरणी आली. लोणचं संपल्यावर त्याच बरणीत साखर भरायचं ठरलं. बरणी धुतली, उन्हात ठेवली, पुन्हा धुतली. तरी पुढचे कित्येक दिवस आमच्या चहाला कैरीच्या लोणच्याचा वास येत होता. पाहुण्यांनीसुद्धा तो चहा प्याला, पण पुन्हा मागितला मात्र नाही.

आता विचार करा. भाजीतली हळद डब्याच्या भिंतीत शिरली. म्हणजे डब्याची भिंत वाटते तितकी पक्की, बंद नाही. तिच्यात शिरायला वाट आहे. आणि ज्या वाटेने आत शिरता येतं, त्या वाटेने बाहेरही पडता येतंच की! म्हणजे जेवणातलं डब्यात उतरतं, तसं डब्यातलंही जेवणात उतरत असणार.

अगदी बरोबर. उतरतं. किती उतरतं, काय उतरतं आणि त्यातलं किती चालवून घ्यायचं, यावर जगभर कायदे आहेत. हे कायदे सारखे बदलत असतात. ते का बदलतात, याची गोष्ट मोठी मजेदार आहे. त्या गोष्टीत चुकीचा साबण आहे, उंदीर आहेत, आणि एकमेकांशी भांडणारे शास्त्रज्ञही आहेत.

(जाता जाता : तो पिवळा डबा दोन-तीन दिवस कडक उन्हात उघडा ठेवून बघा. हळदीचा रंग उन्हाने उडतो. साबणाला जे जमलं नाही, ते सूर्याला जमतं!)

माळेतले सुटे मणी

प्लॅस्टिक म्हणजे काय? लांबच लांब मण्यांच्या माळा एकमेकींत गुंतून पडल्या आहेत अशी कल्पना करा. एकेक मणी म्हणजे एक लहानसा रेणू. कारखान्यात असे हजारो मणी एकापुढे एक ओवले जातात आणि त्यांची माळ होते. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरिन या नावांतलं 'पॉली' म्हणजे 'पुष्कळ', ते ह्याच मण्यांसाठी.

माळ एवढी लांब असते की ती आपल्या भाजीत सहजासहजी येऊन पडत नाही. पण ओवताना काही मणी सुटे राहून जातातच. शिवाय नुसत्या माळांचं प्लॅस्टिक फारसं कामाचं नसतं. ते मऊ व्हावं म्हणून एक रसायन घालतात, उन्हाने तडकू नये म्हणून दुसरं, रंगासाठी तिसरं. ही सगळी मंडळी माळेत ओवलेली नसतात. माळांच्या मधल्या फटींत नुसती बसलेली असतात, एसटीत सीट न मिळालेले लोक मधल्या वाटेत उभे असतात तशी. स्टॉप आला की हेच आधी उतरणार!

हा 'स्टॉप' कधी येतो? गरम पदार्थ ओतला की येतो, कारण उष्णतेने सगळे रेणू जास्त हलू लागतात. तेल-तूप असलं की येतो, कारण यातली बरीचशी रसायनं पाण्यापेक्षा तेलात सहज मिसळतात. लोणच्यासारखा आंबट पदार्थ असला तरी येतो. आणि काहीही असलं तरी जितके जास्त दिवस ठेवाल, तितकं जास्त उतरतं. म्हणजे डब्यात थंडगार खडीसाखर ठेवणं वेगळं, आणि कढईतली उकळती, तेलाचा तवंग आलेली मिसळीची तर्री पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून घरी आणणं वेगळं. बाहेरून पार्सल आणायला तुम्हालाच पाठवतात ना? मग पुढच्या वेळी घरून स्टीलचा डबा न्या.

प्रयोगशाळेतली तोतया भाजी

सरकारला एखादा डबा तपासायचा आहे असं समजा. मग प्रयोगशाळेत काय करतात? त्यात भाजी भरून ठेवतात? नाही. भाजीत स्वतःचीच शेकडो रसायनं असतात. त्यात डब्यातून उतरलेलं कोणतं आणि मुळात भाजीतलं कोणतं, हे शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. म्हणून तिथे जेवणाचे तोतये वापरतात! साध्या पाणीदार पदार्थांच्या जागी शुद्ध पाणी. लोणचं, चिंच, दही यांसारख्या आंबट पदार्थांच्या जागी ३ टक्के ॲसेटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच. तेलकट पदार्थांच्या जागी हेप्टेन नावाचा द्रव. डब्याला या तोतयांच्या संगतीत ठेवायचं. दीर्घकाळ साठवणीसाठी असेल तर ४० अंश तापमानाला तब्बल १० दिवस. मग तो द्रव आटवायचा आणि तळाशी काय उरलं ते वजन करून पाहायचं.

भारतात यासाठी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे नियम आहेत. पॅकेजिंगचे नवे नियम २०१८ साली आले आणि १ जुलै २०१९ पासून लागू झाले. त्यानुसार एक किलो पदार्थात प्लॅस्टिकमधून सगळं मिळून ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त उतरता कामा नये. ६० मिलिग्रॅम म्हणजे किती? साधारण तांदळाच्या तीन दाण्यांएवढं वजन. (याच नियमांनी वर्तमानपत्राच्या कागदात खाण्याच्या वस्तू बांधायलाही बंदी केली. छपाईची शाई वड्याला लागते ना, म्हणून! तुमच्या कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपर्यंत हा नियम पोचलाय की नाही, ते तुम्हीच पाहून ठरवा.)

आता तुमच्यातला एखादा हुशार वाचक विचारील, "काका, पण तांदळाचे तीन दाणे साखरेचे असले तर काय बिघडलं? आणि तीन दाणे विषाचे असले तर?"

शाबास! खरी मेख तिथेच आहे. नुसतं एकूण वजन मोजून भागत नाही. काय उतरलं, हेही पाहावं लागतं. म्हणून एकूण मर्यादेच्या जोडीला एकेका पदार्थाची वेगळी मर्यादा ठरवतात. जस्त इतकं, लोखंड इतकं, कोबाल्ट त्याहून कितीतरी कमी. ही मर्यादा ठरवायची कशी, यावरूनच सगळी भांडणं होतात. त्यातलं सगळ्यात गाजलेलं भांडण एका नावाभोवती झालं : बिस्फेनॉल-ए.

एक रसायन, दोन नोकऱ्या

रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र दियानिन याने १८९१ साली हे रसायन पहिल्यांदा तयार केलं. तेव्हा त्याचा काही उपयोग कुणाला सुचला नाही. १९३० च्या दशकात लंडनमध्ये एडवर्ड चार्ल्स डॉड्स नावाचे शास्त्रज्ञ एका वेगळ्याच शोधात होते. आपल्या शरीरात संप्रेरकं असतात, हे तुम्ही शाळेत शिकला असाल किंवा शिकाल. ती म्हणजे रक्तातून फिरणारे निरोपे. 'आता उंच हो', 'आता मिसरूड फुटू दे' असे निरोप ती शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचवतात. त्यातलं एक म्हणजे इस्ट्रोजेन. मुलींच्या शरीरात त्याचं काम मोठं, मुलग्यांच्याही शरीरात ते थोडं असतंच. इस्ट्रोजेनसारखं काम करणारं, पण प्रयोगशाळेत तयार होणारं औषध डॉड्सना हवं होतं. त्यांनी पुष्कळ रसायनं तपासली. त्यात १९३६ साली बिस्फेनॉल-ए इस्ट्रोजेनची नक्कल करतं, असं दिसलं. पण नक्कल कच्ची होती. डॉड्सना लवकरच त्याहून कितीतरी जोरदार रसायन सापडलं आणि बिस्फेनॉल-ए औषधाच्या परीक्षेत नापास झालं.

नापास झालेल्या या उमेदवाराला पुढे दुसरीकडे नोकरी लागली! १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हेरमान श्नेल यांनी, आणि जवळजवळ त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी, बिस्फेनॉल-ए चे मणी ओवून एक नवं प्लॅस्टिक बनवलं. ते म्हणजे पॉलिकार्बोनेट. काचेसारखं पारदर्शक, पण जमिनीवर आपटलं तरी फुटणार नाही असं. बाळांच्या दुधाच्या बाटल्यांना याहून चांगलं काय हवं? पाण्याचे मोठे जार, मिक्सरची भांडी, प्रयोगशाळेतले चंबू, सगळीकडे पॉलिकार्बोनेट पोचलं. बिस्फेनॉल-ए पासून बनणारा दुसरा पदार्थ, इपॉक्सी, पत्र्याच्या डब्यांना आतून अस्तर म्हणून लागला. तो नसेल तर आंबट फळांचा रस पत्रा खाऊन टाकतो.

पण एक गोष्ट कुणाच्या फारशी ध्यानात राहिली नाही. हा फुटबॉलच्या संघात घेतलेला खेळाडू पूर्वी नकलाकार होता!

यीस्ट की चंबू?

१९९३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले काही शास्त्रज्ञ यीस्टवर संशोधन करत होते. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी बुरशी. ही बुरशी इस्ट्रोजेनसारखा पदार्थ बनवते का, हे त्यांना बघायचं होतं. तपासलं तर खरंच, तसा पदार्थ द्रवात सापडला. केवढा आनंद झाला असेल! पण चांगला शास्त्रज्ञ आनंदातही शंका काढतो. त्यांनी यीस्ट न घालता नुसता द्रव तपासला, तर त्यातही तोच पदार्थ! मग हा आला कुठून? चंबूतून. चंबू होते पॉलिकार्बोनेटचे. जंतू मारण्यासाठी ते द्रवासकट ऑटोक्लेव्हमध्ये तापवले होते. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचा थोरला भाऊच. त्या उष्णतेने माळ थोडी थोडी सुटत होती आणि बिस्फेनॉल-ए चे मणी द्रवात पडत होते.

चुकीचा साबण

पाच वर्षांनंतरची गोष्ट. ऑगस्ट १९९८. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात पॅट्रिशिया हंट या शास्त्रज्ञ उंदरांवर अभ्यास करत होत्या. उंदराच्या मादीच्या शरीरात अंडपेशी तयार होतात. त्या तयार होताना पेशीतली गुणसूत्रं मधोमध ओळीत उभी राहतात, तुम्ही प्रार्थनेला उभे राहता तशी. ओळ नीट झाली की मगच त्यांची वाटणी होते. ओळ विस्कटली तर वाटणी चुकते, आणि अशा अंडपेशीतून निरोगी पिल्लू जन्माला येणं अवघड होतं. निरोगी उंदरांमध्ये अशी विस्कटलेली ओळ शेकडा एखाद-दोन अंडपेशींतच दिसायची.

आणि एके दिवशी ती दिसली शेकडा चाळीस अंडपेशींत!

हंट बाई चक्रावल्या. त्यांचे हे उंदीर तर अगदी ठणठणीत होते, त्यांना कुणी काहीच औषध दिलेलं नव्हतं. हवा तपासली, खाणं तपासलं, पाणी तपासलं. काही सापडेना. शेवटी नजर गेली पिंजऱ्यांकडे. पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या होत्या. त्या धुरकट झाल्या होत्या, काही ठिकाणी चिकट लागत होत्या. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. बदलीवर आलेल्या एका कामगाराने पिंजरे धुवायला नेहमीच्या साबणाऐवजी फरशी पुसायचा जहाल साबण वापरला होता! त्या साबणाने प्लॅस्टिकची माळ तुटली आणि बिस्फेनॉल-ए उंदरांच्या पाण्यात उतरलं.

आता एखाद्याने काय केलं असतं? पिंजरे फेकून दिले असते, कामगाराला रागावलं असतं आणि विषय संपवला असता. हंट यांनी तसं केलं नाही. त्यांनी तो अपघात मुद्दाम पुन्हा घडवून पाहिला. तोच साबण, तसेच पिंजरे. शिवाय काही उंदरांना थेट बिस्फेनॉल-ए दिलं. पुन्हा तोच परिणाम दिसला, तेव्हाच त्यांची खात्री पटली. हे सगळं २००३ साली प्रसिद्ध झालं आणि मग मात्र जगभर गडबड उडाली.

उतरता जिना

तुम्ही म्हणाल, मग लगेच बंदी आली असेल. छे! कायद्याची गाडी अशी एका झटक्यात वळत नाही. आणि खरं सांगू का, ती तशी वळू नये असंच मला वाटतं. उंदराला जे होतं ते माणसाला होईलच असं नाही. एका प्रयोगशाळेत दिसलेलं दुसरीत दिसेलच असंही नाही. शिवाय बंदी घातली तर त्या जागी काय वापरायचं? पण म्हणून दुसऱ्या टोकाला जाऊन वर्षानुवर्षं 'अजून अभ्यास चालू आहे' म्हणत बसणंही बरोबर नाही, कारण तोवर बाळं त्याच बाटलीतून दूध पीत असतात.

युरोपात काय झालं ते बघा. तिथे एक किलो अन्नात बिस्फेनॉल-ए जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम चालत असे. २००४ साली ते ०.६ वर आणलं. २०१८ मध्ये ०.०५ वर. प्रत्येक पायरी खाली खाली. मध्यंतरी २००८ मध्ये कॅनडाने बाळांच्या बाटल्यांत हे रसायन बंद करणार असं जाहीर केलं होतं. असं म्हणणारा तो पहिलाच देश. २०११ मध्ये युरोपीय संघाने बाळांच्या बाटल्यांत ते बंद केलं. २०१२ मध्ये अमेरिकेनेही बाटल्यांसाठीची परवानगी काढून घेतली. पण कारण काय दिलं, माहीत आहे? 'हे घातक आहे' असं नाही, तर 'आता कोणतीच कंपनी हे वापरत नाही, मग परवानगी ठेवायची कशाला?' असं! आईवडिलांनी त्या बाटल्या घेणंच सोडल्यामुळे कंपन्यांनी आधीच प्लॅस्टिक बदललं होतं. म्हणजे तिथे दुकानातली गिऱ्हाईकं कायद्याच्या पुढे गेली होती. आपल्याकडे दुधाच्या बाटलीवर आयएसआय चिन्ह लागतं, आणि २०१५ साली सुधारलेल्या त्या मानकानुसार बाटलीत बिस्फेनॉल-ए असता कामा नये.

मग शास्त्रज्ञांचं भांडण कुठे आलं? ते आलं २०२३ मध्ये. माणसाने आयुष्यभर रोज किती बिस्फेनॉल-ए पोटात घेतलं तर चालेल, याचा एक आकडा युरोपची अन्न सुरक्षा संस्था ठरवते. तो दर किलो वजनामागे असतो. समजा तुमचं वजन ४० किलो आहे. २०१५ च्या आकड्यानुसार तुम्हाला रोज १६० मायक्रोग्रॅम चाललं असतं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एप्रिल २०२३ मध्ये संस्थेने सांगितलं, आम्ही नवे अभ्यास पाहिले, उंदरांच्या रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींवर अगदी थोड्या बिस्फेनॉल-ए चाही परिणाम दिसतो, तेव्हा नवा आकडा घ्या. त्या नव्या आकड्यानुसार तुमच्या वाट्याला येतात फक्त ८ नॅनोग्रॅम. म्हणजे वीस हजारपट कमी!

हे ऐकून जर्मनीची सरकारी संस्था म्हणाली, एवढं खाली जाण्याइतका पुरावा आम्हाला दिसत नाही. तिने स्वतःचा आकडा काढला. तो युरोपच्या नव्या आकड्याच्या हजारपट मोठा होता. आणि गंमत म्हणजे, तरीसुद्धा तो जुन्या आकड्यापेक्षा वीसपट लहानच होता! म्हणजे भांडण 'किती कमी करायचं' यावर होतं. 'कमी करायचं' यावर दोघांचंही एकमत होतं. तिकडे अमेरिकेची अन्न व औषध संस्था मात्र अन्नातलं सध्याचं प्रमाण सुरक्षित आहे, असंच सांगत आलेली आहे.

अखेर १९ डिसेंबर २०२४ रोजी युरोपीय संघाने नियम केला की अन्नाला लागणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये, डब्यांच्या अस्तरात, बिस्फेनॉल-ए वापरायचंच नाही. बहुतेक वस्तूंसाठी कंपन्यांना २० जुलै २०२६ पर्यंत मुदत दिली, आणि मासे, फळं, भाज्या यांच्या काही डब्यांसाठी जानेवारी २०२८ पर्यंत. आंबट फळाच्या डब्याला दुसरं चांगलं अस्तर शोधायचं, ते वर्षानुवर्षं टिकतं का पाहायचं, म्हणजे वेळ लागणारच.

पुन्हा तेच पिंजरे!

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण ऐका.

बिस्फेनॉल-ए बदनाम झाल्यावर कंपन्यांनी त्याच्या जागी दुसरी रसायनं आणली. त्यातलं एक होतं बिस्फेनॉल-एस. नावावरूनच कळतं ना, की हा त्याचा चुलतभाऊ? हंट बाईंनीही आपल्या प्रयोगशाळेतले पॉलिकार्बोनेटचे पिंजरे काढून टाकले होते आणि पॉलिसल्फोन नावाच्या दुसऱ्या प्लॅस्टिकचे आणले होते. आणि मग एके दिवशी उंदरांचे आकडे पुन्हा विस्कटले! शोध घेतला तर काही पिंजरे खराब झालेले. त्यातून यावेळी जे उतरत होतं ते होतं बिस्फेनॉल-एस. पहिल्या अपघाताला वीस वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, त्यांनी हा दुसरा अपघात प्रसिद्ध केला. एकाच बाईच्या प्रयोगशाळेत एकाच जातीचा चोर दोनदा पकडला गेला, अशी ही जगावेगळी गोष्ट.

म्हणूनच युरोपच्या नव्या नियमात नुसतं बिस्फेनॉल-ए नाही, त्याच्या घराण्यातली इतर घातक भावंडंही घेतली आहेत. आणि म्हणूनच बाटलीवर 'बीपीए फ्री' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं की मी एक प्रश्न विचारतो : ते नाही हे कळलं, पण मग काय आहे?

उलटा बदललेला नियम

नियम बदलला म्हणजे तो कडकच होतो, असं समजू नका. एक नियम आपल्या देशात उलट्या दिशेने बदलला आहे. वापरलेलं प्लॅस्टिक वितळवून पुन्हा केलेल्या पिशव्या-डब्यांत खाण्याचे पदार्थ ठेवायचे नाहीत, असा नियम आपल्याकडे १९९९ साली झाला. कारण साधं होतं. भंगारवाल्याकडे आलेल्या बाटलीत आधी काय होतं, कुणी सांगावं? सरबत असेल, फिनेल असेल, रॉकेल असेल! हळद डब्याच्या भिंतीत शिरते, तसं रॉकेलही शिरलं असणारच. २०१८ च्या नियमांनीही ही बंदी कायम ठेवली.

मग २०२५ मध्ये प्राधिकरणाने पेट प्लॅस्टिकपुरती वाट मोकळी केली. पेट म्हणजे पाण्याच्या, सरबताच्या साध्या बाटल्यांचं प्लॅस्टिक. त्या बाटल्या ठरवून दिलेल्या पद्धतीने शुद्ध केल्या, तर त्यांच्यापासून पुन्हा अन्नासाठी वस्तू करता येतात. मधल्या काळात काय बदललं? शुद्ध करण्याचं तंत्र. बाटल्यांचे तुकडे धुऊन, निर्वात भांड्यात तासन् तास तापवतात. भिंतीत शिरलेली रसायनं त्यामुळे बाहेर निघून जातात. आणि ती खरंच निघाली का, हे तपासण्याची युक्ती तर भलतीच आवडण्यासारखी आहे. स्वच्छ तुकडे घेऊन ते मुद्दाम घाणेरडे करतात! टोल्युइनसारखी उग्र रसायनं त्यात मुरवतात, यंत्रातून काढतात, आणि मग किती शिल्लक राहिली ते मोजतात. ही परीक्षा पास झाली तरच ते यंत्र लायक.

आता तुमची बाटली

तो पिवळा डबा अजून हाताशी आहे ना? तो पालथा करा. तळाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात एक आकडा दिसेल. हे आकडे अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये काढले, ते भंगार निवडणाऱ्यांच्या सोयीसाठी. १ म्हणजे पेट, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पुष्कळांना वाटतं, आकडा मोठा म्हणजे प्लॅस्टिक चांगलं किंवा वाईट. तसं काही नाही, बरं का! तो परीक्षेतला मार्क नाही, नुसता हजेरी नंबर आहे. तुमचा डबा बहुतेक ५ नंबरचा निघेल, आणि ५ नंबरचं किंवा १ नंबरचं प्लॅस्टिक बनवायला बिस्फेनॉल-ए लागतच नाही. पॉलिकार्बोनेट ७ नंबरात येतं, पण ७ म्हणजे 'इतर सगळे', त्यामुळे ७ दिसला की ते पॉलिकार्बोनेटच, असंही नाही. डब्यावर काचेचा पेला आणि काटा यांचं चित्र असेल तर मात्र तो अन्नासाठी केलेला आहे. ते चित्र मूळचं युरोपच्या नियमातलं, पण आपल्याकडच्या अनेक डब्यांवरही दिसतं.

क्लासमध्ये, दुकानात, लग्नाच्या हॉलमध्ये वीस लिटरचे निळे जार असतात, ते पाहिले आहेत ना? आपल्या नियमांनुसार ते पॉलिकार्बोनेटचेही करता येतात, आणि बरेचसे असतातही. ते रिकामे होतात, धुतले जातात, पुन्हा भरले जातात, टेंपोत उन्हात तापतात, आणि पुन्हा धुतले जातात. हंट बाईंचे धुरकट पिंजरे आठवले? एखादा जार ओरखड्यांनी पांढरट झालेला दिसला, तर "काका, हा बदलून द्या ना" असं म्हणायला लाजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या प्राधिकरणानेही एक मसुदा जाहीर केला. अन्नाला लागणाऱ्या पॉलिकार्बोनेटमध्ये आणि इपॉक्सीमध्ये बिस्फेनॉल-ए असू नये, असा तो मसुदा. मसुदा म्हणजे पक्का नियम नव्हे. तो आधी सगळ्या लोकांसमोर ठेवतात आणि हरकती-सूचना मागवतात. त्या कोणीही पाठवू शकतं, त्याला वयाची अट नसते. पत्र व्यवस्थित लिहिलेलं हवं, कारण सांगितलेलं हवं, एवढंच.

आणि हो, डबा जागेवर ठेवून द्या. आई शोधत असेल. फक्त आज त्यात आमटी भरायची असेल, तर आधी ती निवू द्या.